शालिग्रामची शेंदण्यांची हंडी

उंद्रीच्या शालिग्रामला देवानं सगळं बेताचं दिलं होतं. जमीन बेताची, उंची बेताची, अक्कल तर फारच बेताची. जीभ देताना मात्र देवाचं ध्यान कुठं होतं कोण जाणे, ती हातभर दिली. हे गावकरी म्हणत नसत, शालिग्राम स्वतःच म्हणे. म्हणून झालं की लोक हसत, आणि लोक हसले की त्याच जिभेला पुन्हा चेव येई. वऱ्हाडाची त्या काळी गंमतच होती. मुलूख नावाला निजामाचा, राज्य इंग्रजाचं, कचेरी नागपूरची. एवढे मालक झाल्यावर आपली म्हणावी अशी आपल्याजवळ बढाईच तेवढी उरली, असं शालिग्रामचं म्हणणं. ती तरी माणसानं का सोडावी?

पण या बढाईपायी पोरीची दोन स्थळं मोडली होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या पाहुण्यांना त्यानं सांगितलं, आमच्या विहिरीचं पाणी बाराही महिने हाताला लागते. पाहुणे नेमके वैशाखात आले. त्यांच्या बैलांना पाजायला सोजराबाईला शेजाऱ्यांच्या दारी घागर घेऊन फिरावं लागलं. दुसऱ्यांना सांगितलं, आमचा पांढऱ्या बैल शंकरपटाच्या शर्यतीत कोणाला पुढं जाऊ देत नाही. ते म्हणाले, पळवून दाखवा. पांढऱ्याला जुंपला, हाकारला, तसा तो गपकन खाली बसला आणि रवंथ करू लागला. पाहुणे चहा न घेता उठले.

कोकिळा शहाणी पोर. दोन्ही वेळा काही बोलली नाही, पाहुण्यांसाठी काढलेल्या सतरंज्या घडी करून ठेवल्या, एवढंच. पण मेहकरला आत्याच्या घरी लग्न होतं, तिथं तिनं सुलतानपूरच्या हिंमतरावांचा निवृत्ती पाहिला. आचाऱ्याकडं पाणी कमी पडलं म्हणून बायका दोर ओढून दमल्या होत्या. हा वरपक्षाकडचा पोरगा, फेटा काढून ठेवला आणि मुकाट्यानं विहिरीवर उभा राहून पाणी ओढत राहिला. मान वर करून कोणाकडं पाहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर दळताना कोकिळा आईला म्हणाली, "ते घर मले चालते."

शेतकऱ्याच्या पोरीनं एवढं बोलणं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच. सोजराबाईनं त्याच रात्री नवऱ्याला समोर बसवलं.

"पोरीनं आपल्या तोंडानं सांगतलं. आता तुमच्या तोंडानं मोडू नका."

"काऊन मोडीन म्या? म्या काय दुश्मन हावो तिचा?"

"दुश्मन परवडते," सोजराबाई म्हणाली. "तो विचार करून बोलते."

त्या साली दिवाळी आटोपल्यावर शालिग्राम कापसाची गाडी घेऊन खामगावला गेला. बाजारात गाड्यांची रांग लागली होती, माल पाहायला अडत्या यायचा होता. आणि शेजारच्याच गाडीवर कोण बसलेलं, तर साक्षात सुलतानपूरचे हिंमतराव. निवृत्तीचे वडील! अंगानं भरलेले, मिशा राखलेल्या, बोलणं कमी. खाण्याचे मात्र दर्दी, ही गोष्ट मेहकर ते लोणार सगळ्यांना ठाऊक होती. शालिग्रामनं रामराम घातला. जिभेला त्यानं मनातल्या मनात दावं बांधलं आणि जपून विचारलं, "जेवण झालं का, पाटील?"

"झालं बाप्पा. बाजारातलंच ते. पोट भरलं, जीव नाही भरला."

इथं "हाव ना" म्हणायचं आणि बैलांपुढं वैरण टाकायची. बस, एवढंच करायचं होतं. शालिग्रामला तेही कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांच्यात त्याची जीभ आडवी पडलेली.

"जीव भरते तो एकाच गोष्टीनं पाटील," तो म्हणाला. "रानडुकराची सागुती. शेंदण्या घातलेली. हंडीचं तोंड कणकीनं लिपाचं, जमिनीत पुराची, वरून गोवऱ्यांचा विस्तव. सकाळी ठेवली का दिवस कलल्यावर काढाची. बोट लावलं तं हाड सुटून हातात येते. अशी हंडी साऱ्या वऱ्हाडात एकच माणूस करते."

"कोण तो?"

"आता आपल्याच तोंडानं काय सांगू!" म्हणाला शालिग्राम, आणि आपल्याच तोंडानं सांगितलं.

हिंमतराव त्याच्याकडं सरकून बसले. मग म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं का येतो मंग उंद्रीले. निवृत्तीलेबी आणतो. पोरगीबी पाहून होईन. तुमच्या हातची हंडी खाऊ, अन् मंग पुढचं बोलू."

परतीच्या वाटेवर शालिग्रामनं बैलांना सगळं सांगितलं. दुसरं कोणी नव्हतं, आणि बैल उलटून बोलत नाहीत. हंडी खरी होती, पण ती त्याची नव्हती. ती किसनरावाची, त्याच्या थोरल्या भावाची. किसनराव प्लेगात गेला आणि त्याच्याबरोबर हंडीही गेली. त्या हंडीत शालिग्रामचा हात एवढाच, की किसनराव म्हणे "फुंक", आणि हा फुंके. डोळ्यांत धूर जाऊन पाणी येई, आणि भाऊ काय टाकतो, कशात टाकतो, काही दिसत नसे. "शालिग्राम, लेका," तो स्वतःलाच म्हणाला, "फुंकणीनं कधी सैपाक केला का?"

सोजराबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. घरात डुक्कर शिजायचं नाही, हे तर ठरलेलंच. गावडुक्कर कोणी खात नसे आणि रानडुक्कर खाणारे पुरुष ते शेतातच शिजवत, शेतातच खात, आणि विहिरीवर अंघोळ करून मग घरी येत. पण तिची चिंता वेगळी होती. "डुक्कर कुठून आणता?" तिनं विचारलं. "का आता तेबी तोंडानंच मारता?"

देवाची करणी म्हणा का डुकराची, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ज्वारीत कळप शिरला. शालिग्राम भाला घेऊन मोठ्या आवेशानं धावला, म्हणजे मचाणावरून उतरून बांधापर्यंत आला. कळप त्याला पाहून नाही, तर उधळायचा म्हणून उधळला, आणि त्यातला एक नर शिवेजवळच्या कच्च्या विहिरीत धाडकन पडला. पडला तो मान मोडूनच. शेजारच्या वावरातला म्हातारा पुंजाजी काठी टेकत आला, तेव्हा शालिग्राम विहिरीच्या काठावर भाला रोवून, एक पाय दगडावर ठेवून उभा होता.

"मारला का?" पुंजाजीनं विचारलं.

"मंग!"

पुंजाजीनं खाली वाकून पाहिलं. भाल्याचं पातं पाहिलं. ते कोरडं होतं. "हाव," तो म्हणाला. "तुले भाला घेऊन येताना पाहून त्यानं जीव देल्ला असन."

पण पुंजाजी नुसता टिंगल करणारा माणूस नव्हता. शिवेवरच्या म्हसोबाची पूजा त्याच्याकडं होती. त्यानं विहिरीपासून म्हसोबाच्या शेंदरी दगडापर्यंत नजर टाकली आणि सांगितलं, की जनावर म्हसोबाच्या पुढ्यात पडलं, म्हणजे ते म्हसोबाचं झालं. आधी नैवेद्य त्याला, मग माणसांना. आणि म्हसोबाच्या जेवणाचे नेम आहेत. नैवेद्याआधी कोणी चाखायचं नाही. शिवाराबाहेर न्यायचं नाही. फेकायचं नाही. जेवढं शिजेल तेवढं तिथंच खाऊन संपवायचं. आणि कसंही झालं तरी नाव ठेवायचं नाही, कारण ते आता माणसाचं नाही, देवाचं अन्न.

शालिग्रामला हे ऐकून केवढा हुरूप आला! देवाचं जेवण म्हटल्यावर पाहुणे काय, पाहुण्यांचे बाप नावं ठेवणार नाहीत. देवानं आपली बाजू घेतली, असं त्याला खरंच वाटलं. त्यानं त्याच संध्याकाळी सुलतानपूरला निरोप धाडला, आणि पाहुणे येईतो टिकावी म्हणून सागुती हळदमीठ चोळून मचाणाखाली धुरावर टांगली.

पाहुणे यायच्या दिवशी कोकिळा पहाटेच कपाशीत जाऊन ओटीभर शेंदण्या वेचून आली. शेंदणी म्हणजे कपाशीच्या ओळीत आपोआप येणाऱ्या वेलाचं फळ. अंड्याएवढं, हिरव्यावर पिवळे पट्टे, पिकलं की आंबूसगोड, आणि वास असा की खाल्ल्यावाचून राहवत नाही. राठ मटणात घातलं तर ते लोण्यासारखं मऊ पडतं. पण या फळात एक खोड आहे. शंभरात एखादं कडू निघतं. दिसायला तसंच, वासाला तसंच, आणि कडू म्हणजे जहर. एक जरी पडलं तरी भांड्यातलं सगळं वाया. म्हणून तिकडं शेंबडं पोरही शेंदणी आधी दाताखाली धरून पाहतं आणि मग खातं.

कोकिळेनं ओटी शेतातल्या टोपलीत रिकामी केली आणि एक शेंदणी उचलून म्हणाली, "बाबा, चाखून देऊ का एक एक?"

"हां हां! ठेव खाली!" शालिग्राम ओरडला. "नैवेद्य हाये तो. तू दात लावशीन, अन् म्हसोबाले उष्टं जाईन."

"पण बाबा, एखादी कडू असली तं?"

"म्हसोबाच्या शिवारात कडू कशी निघीन? देव आपल्या ताटात कडू येऊ देते का?"

कोकिळा काहीतरी बोलणार होती. पण आजचा दिवस तिचाच होता, आणि आपल्या दिवशी पोरीनं बापाशी वाद घालू नये, असं तिला वाटलं असावं. ती पदर झटकून घरी गेली.

मग शालिग्रामनं हंडी लावली. कांदा, लसूण, वाटलेली मिरची, काळा मसाला, मूठभर मीठ, डुकराची सागुती, आणि अख्ख्या टोपलीभर शेंदण्या उभ्या चिरून. किती घालायच्या ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्याच घातल्या. हंडीवर मातीचा परळ उपडा ठेवला, कडेनं कणीक लिपली, खड्ड्यात उतरवून वर गोवऱ्या रचल्या. आणि मग तो आपल्या खऱ्या कामाला लागला, म्हणजे फुंकायला. एवढं मात्र त्याला उत्तम जमे. दिवसभर आच ना वाढली ना कमी झाली. कणकीच्या फटीतून जो वास सुटला, त्यानं त्याचा त्यालाच गहिवर आला. "किसनदादा," तो धुरात डोळे पुसत म्हणाला, "पाहा तुझं फुंकणारं पोट्टं!"

पाहुणे आले. आधी घरी पोरगी पाहणं झालं. कोकिळेनं पान-सुपारीचं तबक ठेवलं, नाव विचारलं ते सांगितलं, आणि आत गेली. निवृत्ती पोरगी जिथं उभी होती त्या जागेकडं ती गेल्यावरही पाहत बसला. हिंमतरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "हंडी खाऊ, मंग बोलू," एवढंच. सोजराबाईनं दारातून नवऱ्याला डोळ्यांनी बजावलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. शालिग्रामला ती दिसली आणि त्यानं घाईनं पाहुण्यांना शेताची वाट दाखवली.

शेतात लिंबाखाली घोंगड्या टाकल्या. पुंजाजीनं म्हसोबाला शेंदूर लावला, नारळ फोडला. कणीक तोडून परळ उचलला, तशी वाफ अशी काही उसळली की हिंमतरावांच्या नाकपुड्या फुलल्या. पहिला द्रोण देवापुढं गेला. मग पळसाच्या पत्रावळी मांडल्या, ज्वारीच्या भाकरी, फोडलेला कांदा, आणि शालिग्राम वाढायला उभा राहिला. यजमान मागून जेवतो, हा तर रिवाजच.

हिंमतरावांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. त्यांचं चावणं थांबलं. डोळे मिटले.

शालिग्रामचा ऊर भरून आला. माणूस तल्लीन झाला की डोळे मिटतोच! "कशी काय, पाटील?"

हिंमतरावांनी घास गिळला. मोठ्या निश्चयानं गिळला. "वा!" ते म्हणाले.

निवृत्तीनं घास घेतला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. हिंमतरावांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं.

"तिखट झालं काय, बापू?" शालिग्रामनं विचारलं.

"नाही मामा," निवृत्ती मान खाली घालून म्हणाला. "झकास हाये."

"मंग संकोच काऊन करता? घ्या!" आणि शालिग्रामनं पळीभर वाढलं. पुंजाजीला पहिल्याच घासाला उचकी लागली. त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, आणि मग म्हसोबाकडं पाहून हात जोडले. म्हाताऱ्याची केवढी ही भक्ती, असं शालिग्रामला वाटलं.

आता जीभ सुटली. दावं तुटलं, खुंटाही उपटला. हंडी कशी लावायची, आच कशी ओळखायची, डुक्कर कसं अंगावर आलं आणि आपण भाला कसा तोलून धरला, सगळं आलं. निवृत्तीचा द्रोण रिकामा झाला की हा भरे, आणि हा भरे की तो खाई. "पाहा पाटील," शालिग्राम म्हणाला, "पोराची जीभ कशी बराबर पारखते! गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याले जमणार नाही ही चव."

"नाही जमणार," हिंमतराव म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

शेवटी शालिग्राम समाधानानं खाली बसला. स्वतःची पत्रावळ ओढली, मोठासा तुकडा निवडला, भाकरीत गुंडाळला आणि तोंडात टाकला.

अरे देवा!

कडू. कडुनिंब कडू, कारलं कडू, पण त्यांच्या कडूला काही माप असतं. हे कडू जिभेवरून टाळूला गेलं, टाळूवरून कानात शिरलं, आणि कानातून टाळक्यात. मटण लोण्यासारखं मऊ झालं होतं, इतकं मऊ, की कडूपणा कुठल्याच कोपऱ्यात शिरायचा राहिला नव्हता. दिवसभर मंद आचेवर फुंकून फुंकून त्यानं तो आतपर्यंत मुरवला होता. थुंकता येईना, देवाचं अन्न. गिळवेना. त्याच्या डोळ्यांसमोर मिटलेले डोळे, लाल कान, रिकामा तांब्या, सगळं एकदम उलगडलं, आणि आपण केवढं मोठं गाढव आहोत हे त्याला लख्ख दिसलं.

कोणी वर पाहत नव्हतं. तिघांनीही माना खाली घातल्या होत्या. शालिग्रामच्या मनात आलं, गिळावं आणि गप्प बसावं. नैवेद्याला नाव ठेवता येत नाही, तेव्हा हे काहीच बोलणार नाहीत. हात धुतील, सुपारी खातील, गाडी जुंपतील. आणि मग सुलतानपुराहून निरोप येईल, की पत्रिका जुळत नाही. कोकिळा पुन्हा सतरंजीची घडी करील. ती काहीच बोलणार नाही, आणि तेच त्याला सहन होईना.

"थांबा!" तो ओरडला. घास त्यानं कसाबसा खाली ढकलला. "खाऊ नका! बापू, ठेव तो द्रोण खाली."

सगळे थांबले.

"नैवेद्याले नाव ठेवू नाही म्हणतात. म्या नैवेद्याले नाही ठेवत, मलेच ठेवतो. हे जहर हाये. पोरगी म्हणत होती चाखून देतो, तं म्या तिच्यावर ओरडलो. अन् हे हंडी माझ्या हातची कधी नव्हतीच, पाटील. माझ्या भावाची होती. म्या नुसता निरा फुंकत होतो. डुक्करबी म्या नाही मारलं, ते आपल्या पायानं विहिरीत पडलं. अन् तुमच्या कानावर आलंच असन, माझ्या विहिरीले उन्हाळ्यात पाणी राहत नाही, अन् माझा बैल पळत नाही, बसते." त्यानं हात जोडले. "पण पोरगी चांगली हाये. तिच्याबद्दल म्या तुमच्याजवळ काहीच नाही बोललो, बोललो का सांगा? तिची बढाई मारायची मले कधी गरजच नाही पडली. मले काय वाट्टेल ते म्हणा. माझ्या तोंडापायी तिले नाही म्हणू नका."

लिंबावर कावळा ओरडला. पुंजाजीनं उचकी दिली. हिंमतरावांनी मिशांवरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हंजे, तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं?"

"मुद्दाम?"

"मले वाटलं, तुम्ही आमाले पारखून राह्यले. म्हटलं, हुशार माणूस दिसते. कडू चारून पाहते, का पाहुणे कसे वागतात. आपल्या पोरीले पुढं कडूगोड खावं लागलं तं हे लोक कसे राहतीन, ते पाहते. म्हणून म्या 'वा' म्हटलं, अन् याले डोळ्यानं खुणावलं, का खा."

शालिग्रामनं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. आपल्याला कोणी हुशार समजलं, आणि तेही एवढ्या मोठ्या गाढवपणावरून, असं आजवर झालं नव्हतं.

"पण खुणावलं म्या एकदाच," हिंमतराव मुलाकडं पाहत म्हणाले. "बाकीचं यानं आपल्या मनानं खाल्लं. घरी भाजीत मीठ कमी पडलं तं ताट सरकवणारं पोट्टं हे! याच्या मायनं पाहिलं असतं तं रडली असती. आता तुम्ही पोरगी देत नाही म्हणसान, तं म्या याले घरी कसं नेऊ, ते तुम्हीच सांगा, इवाई."

इवाई. व्याही. शालिग्रामला तो शब्द ऐकू आला, पण खरा वाटेना. "म्या?" तो म्हणाला. "म्या नाही म्हणीन?"

निवृत्तीनं मान वर न करता द्रोण पुढं केला. "मामा, हे फेकता तं येत नाही ना? मंग वाढा. आपण सारे मिळून संपवू."

मग त्यांनी ती हंडी संपवली. कशी संपवली ते म्हसोबालाच ठाऊक. भाकरी संपल्या, कांदे संपले, विहिरीवरून पाण्याच्या घागरी आल्या. एकेक घास घ्यायचा, एकमेकांकडं पाहायचं, आणि कोणाचं तोंड जास्त वाकडं झालं ते पाहून हसायचं. हिंमतरावांसारखा मोजकं बोलणारा माणूस हसता हसता घोंगडीवर आडवा झाला. पुंजाजी मध्येच म्हणाला, "किसनराव चाखे बरं का एक एक शेंदणी. मलेच विचारलं होतं त्यानं. म्या म्हटलं, कच्चं फळ म्हंजे काही नैवेद्य नाही, चुलीवर चढल्यावर नैवेद्य होते. चाख खुशाल."

"मंग मले काऊन नाही सांगतलं, बाबा?"

"तू इचारलं होतं काय? तू तं मलेच शिकवत होता, हंडी कशी लावाची."

विहिरीवर अंघोळ करून शालिग्राम घरी आला, तेव्हा दिवेलागण झाली होती. पाहुण्यांची गाडी वळणापलीकडं गेली होती. सोजराबाई उंबऱ्यातच उभी. त्यानं सांगितलं, "जमलं. माघात लगीन." सोजराबाईनं पदर तोंडाला लावला आणि तशीच मागं सरून देवापाशी गेली.

शालिग्राम ओट्यावर बसला. आता तरी छाती फुगायला हवी होती. तिसऱ्या स्थळानं पोरगी मागून घेतली होती, आणि तीही सुलतानपूरच्या घरानं! पण त्याला वेगळंच काहीतरी होऊ लागलं. माघ म्हणजे काही लांब नव्हता. आजवर स्थळं मोडण्याच्या भीतीत तो इतका गुंतला होता, की जमलं तर काय होईल हा विचारच त्याला कधी शिवला नव्हता. जमलं, म्हणजे कोकिळा जाणार. पहाटे कपाशीत ती नसणार. "बाबा" म्हणून कोणी टोपली पुढं करणार नाही. हे साधं गणित, आणि त्याच्या बेताच्या अकलेत ते आत्ता शिरलं. त्याला रडू फुटलं. अंधार होता म्हणून बरं.

कोकिळा आतून आली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते त्यानं तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. आईनं देवापुढं ठेवलेला गुळाचा खडा तिनं आणला होता. जमल्या कामाला तोंड गोड करायचं असतं. लहानपणी तो तिला भरवायचा, तसा तिनं तो त्याच्या तोंडात घातला आणि शेजारी बसली.

"गोड हाय ना, बाबा? खामगावचाच हाये, तुम्हीच आणलेला."

जिभेवर अजून हंडीच होती. गुळाची चव कुठं लागतच नव्हती. होतं ते सगळं कडू, घशापर्यंत कडू.

"गोड!" शालिग्राम म्हणाला. "अवं, असा गूळ साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही!" आणि त्यानं तो खडा गिळला.